बाईसाहेब सुरू होत नाहीत

सकाळचा चहा झाल्या झाल्या बाबांनी जुनी पॅन्ट चढवली आणि मागच्या दाराची कडी काढली, तेव्हाच मी ओळखलं. जुनी पॅन्ट म्हणजे गवत कापायचं मशीन. आमच्या घरात त्या पॅन्टला दुसरा अर्थच नाही.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की चाला, फिरा, पण झटक्याचं काम अजिबात नको. छातीचं हाड अजून नीट सांधलेलं नाही आणि हृदयालाही दम खाऊ द्या. आणि हे मशीन तर झटक्यावरच चालतं. दोरीची मूठ धरून खांद्यातून ओढायचं, पुन्हा ओढायचं, तेव्हा कुठे ते खोकायला लागतं. बाबा त्याला बाईसाहेब म्हणतात. एका शाळेने भंगारात काढलेलं ते धूड त्यांनी घरी आणलं तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते, आणि तेव्हाही त्याच्या मर्जीशिवाय ते सुरू होत नसे.

आता कुणी म्हणेल, सरळ सांगायचं ना त्यांना, हात लावू नका म्हणून. असं म्हणणाऱ्याने आमच्या घरी आठवडाभर राहून बघावं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, वस्तू गायब करतात. दादाला लहानपणी सायकल चालवायला कधीच बंदी नव्हती, फक्त चाकातली हवा रोज जायची. बाबांचं मीठ कमी करायचं ठरलं तेव्हा आईने त्यांना चकार शब्द सांगितला नाही. मिठाची बरणी माळ्यावर गेली आणि दुकानातलं मीठ संपलं. जन्मभर पंपदुरुस्तीचा कारखाना चालवलेला माणूस, पण बाबाही मुकाट्याने अळणी जेवले. ऑपरेशनबद्दलही तेच. हॉस्पिटलातून आल्यापासून त्या विषयाचं नाव कुणी काढलं नव्हतं. बाबा जणू चार दिवस बाहेरगावी जाऊन आले होते.

तेव्हा मीही घरच्या रीतीनेच वागले. ऑफिसातून रजा काढून मी इथे आले होते ती त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला. आदल्या दुपारी त्यांचा डोळा लागलेला पाहून मी मागच्या शेडमध्ये गेले, मशीनच्या प्लगवरची रबरी कॅप उपटली आणि नुसती वर टेकवून ठेवली. बघणाऱ्याला लागलेली वाटावी, पण ठिणगी पडू नये. दोनदा ओढतील, वैतागतील आणि आत येऊन पेपर वाचत बसतील, असा माझा अंदाज होता.

"बाईसाहेबांची जरा विचारपूस करून येतो," बाबा म्हणाले.

"या ना," आई म्हणाली. ती भांडी पुसत होती. तिने मान वर केली नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं गवत दिसतं आणि शेडचा पत्रा दिसतो. बाबांनी मशीन नेमकं शेडच्या पलीकडे उभं केलं, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. दोरीचा खर्र आवाज झाला, मग शांतता. पुन्हा खर्र, पुन्हा शांतता. मी पुसलेल्या बश्या परत पुसायला घेतल्या.

बाबा थांबेनात. मध्ये जरा वेळ जायचा, मला वाटायचं सुटलो, की पुन्हा दोरी. प्रत्येक वेळी त्यांच्या छातीत काय होत असेल, हाच विचार मनात यायचा. मशीन सुरू होऊ नये म्हणून मी जे केलं होतं, त्याच्यामुळेच ते पुन्हापुन्हा ओढत होते. असली अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे. सुरू झालं असतं तर एका झटक्यात काम तरी झालं असतं. नंतर चाकांवर ढकलत न्यायचं, तेवढं मीही केलं असतं.

थोड्या वेळाने शेडचं दार करकरलं. बाबा प्लगपाना शोधायला आत गेले होते. मी चपला न घालताच धावत गेले, कॅप दाबून नीट बसवली आणि ते बाहेर यायच्या आत ओट्यापाशी परत आले. आता पुढच्या ओढीला बाईसाहेब बोलणार, याची मला खात्री होती.

खर्र. काही नाही. खर्र. काही नाही.

मघाशी निदान कारण तरी माहीत होतं. आता तेही नव्हतं.

"आई, त्यांना थांबवायला हवं गं," मी म्हणाले.

"थांबतील आपोआप. नाही सुरू होणार ते." आईने फडकं पिळलं, वाळत टाकलं, मग पुन्हा काढून पुन्हा पिळलं. "मी पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवलाय."

मी हातातली बशी खाली ठेवली. "कधी?"

"परवा. का?"

मी माझं सांगितलं. ती स्टुलावर बसली. आमचं दोघींचं बोलणं होईपर्यंत बाहेर दोरी आणखी ओढली गेली होती. माझ्या डोक्यात भलतीच शंका आली म्हणून मी दादाला फोन लावला. तो कामावर होता, दबक्या आवाजात बोलत होता.

"रविवारी इथे आला होतास तेव्हा तू शेडमध्ये काही केलंस का?"

"का? बाबांनी मशीन काढलं का?"

"दादा, तू काय केलंस ते सांग."

"एअर फिल्टरच्या डब्यात फडकं कोंबलंय. हवाच मिळणार नाही, काळजी करू नकोस."

"अरे, मग आम्हाला सांगायचं नाही का?"

"तू सांगितलंस?" दादा म्हणाला.

एक बिघाड असता तर बाबांनी चुटकीसरशी शोधला असता आणि विषय संपला असता. आम्ही तिघांनी मिळून त्यांना दुपारपर्यंत पुरेल एवढं काम लावून ठेवलं होतं. "तू जा आणि त्यांना सांग," आई मला म्हणाली. "तू सांग, तुझं ऐकतात," मी तिला म्हणाले. फोनवरून दादा म्हणाला, की तुम्ही कुणीतरी सांगा पण माझं नाव घेऊ नका. असा आमचा खल चालू होता आणि बाहेर काहीच आवाज नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी हाक मारली. उत्तर नाही. आईच्या हातून स्टीलचा पेला सुटला आणि फरशीवर गरगरत राहिला. आम्ही दोघी धावलो. एवढंसं अंगण, पण शेडला वळसा घालेपर्यंत मी नको नको ते सगळं बघून घेतलं होतं.

बाबा पालथ्या बादलीवर बसले होते. समोर पेपर पसरला होता आणि त्यावर फिल्टरचं झाकण, दोन स्क्रू आणि गाडी पुसायचं पिवळं फडकं ओळीने मांडलेलं होतं. चेहरा घामाने डबडबलेला नव्हता. धापही लागलेली नव्हती.

"हे दादाचं," ते फडक्याकडे बोट दाखवून म्हणाले. "कोंबतानाही घडी घातलीय त्याने. कॉक तुझ्या आईने बंद केला. एवढा आवळून दुसरं कुणी बंद करत नाही. आणि कॅप तू काढलीस, मघाशी मी आत गेलो तेव्हा तूच बसवलीस. तळव्यांना चिखल लागलाय बघ तुझ्या."

मी पाय मागे घेतले. आई पदराशी चाळा करत उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"मशीन बाहेर काढलं तेव्हाच. दोरीला हात लावायच्या आधी मी सगळं बघून घेतो. एवढं तर अजून येतं मला."

आता मात्र माझा संयम सुटला. इतका वेळ दाबून ठेवलेली भीती रागाच्या रूपाने बाहेर पडली. "मग ओढत कशाला बसलात? सुरू होणार नाही हे माहीत होतं ना? आमचा जीव टांगणीला लागला होता आत. काही झालं असतं म्हणजे?"

बाबांनी दोरीची मूठ हातात घेतली, वीतभर बाहेर काढली आणि सोडून दिली. खर्र आवाज झाला. आतून ऐकलेला तोच आवाज.

"एवढंच ओढत होतो," ते म्हणाले. "एवढ्याने ते कसलं सुरू होतंय. नीट असतं तरी झालं नसतं."

मला काही समजेना.

"मला जोर लावायची भीती वाटते गं," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुठीकडे बघत होते. "नुसती दोरीची नाही. जिना चढायची वाटते, अंघोळीला कडी लावून घ्यायची वाटते, रात्री कुशीवर वळायची वाटते. तुम्ही सगळे असे वागता की मला काही झालंच नाही. मग सांगू कुणाला? म्हटलं, हे घेऊन बसलो तर कुणीतरी बाहेर येईल. येऊन नको म्हणेल."

आई मटकन गवतात बसली. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. फोन माझ्या हातात तसाच चालू होता. दादाने सगळं ऐकलं होतं. मला रडू आवरेना. एवढा वेळ तो आवाज ऐकत आम्ही ओट्यापाशी उभ्या होतो, आणि दार उघडंच होतं.

"बाबा, नको," मी म्हणाले. "हे तुम्ही करायचं नाही. आत चला."

ते लगेच उठले.