प्रदक्षिणा घालणारी फटफटी

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दत्ताचं देऊळ मधोमध आहे आणि भोवती सिमेंटचा गोल रस्ता. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं रत्नप्रभाबाईंचं कीर्तन. बाई पूर्वरंगात चिमटे काढतात, उत्तररंगात डोळे पुसायला लावतात. देवाची केवढी कृपा, की एवढं सुख नुसतं लिफ्टनं खाली उतरलं की मिळतं!

अध्यक्ष विद्याधर सामंत हेही मोठे भक्त. फक्त चालत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी तीनचाकी फटफटी करून घेतली: पुढं एक चाक, मागं दोन, मागची दोन्ही एकाच आसाला घट्ट बसवलेली. तिच्यावर बसून रोज प्रदक्षिणा. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला, म्हणजे वळण सदा उजवीकडं आणि भार सगळा बाहेरच्या डाव्या चाकावर. त्या चाकाचा टायर शेवटी भक्तीनं गुळगुळीत झाला.

मालाडच्या टायरवाल्या मुकुलनं सांगितलं, "काका, मागचे दोन्ही जोडीनं बदला. एकाच मापाचे. आणि दोरी लावून अलाइनमेंट बघू. चहा होईस्तोवर उरकेल."

"उजव्याला काय धाड भरलीय? चांगला टायर फेकायला मी वेडा आहे?"

"बरं, मग डावा तरी त्याच मापाचा घ्या."

"तो जाड नक्षीचा दे. तो रे, वरचा. काय रुबाब आहे बघ!"

"तो मोठा आहे, काका. गाडी उजवीकडं ओढेल."

"माझी गाडी दत्तगुरू ओढतात. तू बसव!"

मुकुल धंदेवाला माणूस. त्यानं बसवला.

दुसऱ्या दिवशी सामंतांनी देवळासमोर गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू सोडली आणि नमस्कारासाठी हात जोडले. हँडल मोकळं, तरी फटफटी उजवीकडं वळत वळत, रस्ता न सोडता, देवळाला अख्खा फेरा घालून आली.

"माणिक! अगं, खाली ये! गाडीला भक्ती लागली!"

गॅलरीतून त्यांची बायको म्हणाली, "मग तिलाच दूध आणायला पाठवा."

पण बाकीच्यांना एवढी अक्कल कुठली? आठवडाभरात सगळी गल्ली दर्शनाला लोटली. पुढच्या चाकाला हार, डाव्या टायरला अंगारा. तिसऱ्या मजल्यावरची ऋता प्रत्येक फेऱ्याचा रील काढत होती. मुकुलही नारळ घेऊन आला. मी म्हटलं, "अरे, तुला तर कारण ठाऊक आहे!"

"धंद्याच्या जागी धंदा, काकू," तो चपला काढत म्हणाला. "देवाच्या जागी देव."

मग कमिटीनं ठरवलं, की यापुढं गुरुवारची संध्याकाळ फटफटीच्या दर्शनाला. कीर्तन बंद. बाईंना निरोपाचा मान म्हणून एवढा एक गुरुवार, तोही दर्शन आटोपल्यावर, वेळ उरला तर. देवाचं नाव घ्यायचं त्या ओट्यावर आता टायरची आरती ऐकायची?

बाई आल्या तर त्यांच्या जागेवर नारळांची टोपली. पेटीवाला सुशांत तडकला. "चला बाई परत. वाट लागलीय इथं."

"थांब रे. आलोय तर दर्शन घेऊ," म्हणत बाई सामंतांपुढं गेल्या. "विद्याधरराव, मला बसवा की मागं."

सामंत फुलले. बाई पदर खोचून बसल्या आणि म्हणाल्या, "आता गाडीचं तोंड फिरवा. देव डाव्या हाताला येऊ दे."

"उलटी प्रदक्षिणा? बाई, पाप लागेल!"

"पाप माझ्या माथी. एवढी भक्त गाडी, देवाला सोडून जाईल थोडीच?"

गर्दीला हे भलतंच पटलं. सामंतांनी तोंड फिरवलं, गाडी सोडली, हात जोडले. फटफटी नेहमीसारखी उजवीकडं वळली. दत्ताकडं पाठ करून, गेटजवळच्या मोकळ्या जागेत शिरली आणि कचऱ्याच्या डब्यांना शांतपणे एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "गुरुदेव दत्त!"

बाईंनी नाकाला पदर लावला. "कळलं हो विद्याधरराव, हिचं दैवत कुठलं ते. उतरवा आता मला. सुशांत, पेटी उघड."

गर्दी पांगली. कीर्तनाला आम्ही नेहमीचेच उरलो, आणि पायरीवर मान खाली घालून सामंत. बुक्का लावताना बाई त्यांच्यापाशी वाकल्या. "गुडघे दुखतात ते खरं आहे ना? मग गाडीवरून खुशाल या. दोन्ही टायर तेवढे सारखे घाला."

दुसऱ्या दिवशी सामंतांनी मुकुलकडून जोडी बदलून घेतली, दोरी लावून चाकंही तपासून घेतली. गाडी आता सरळ जाते. वळायचं तर हँडल धरावं लागतं, हात जोडायचे तर खाली उतरावं लागतं. उतरतात बिचारे. आणि "कीर्तन दर गुरुवारी" हा कागद त्यांनी स्वतः जिन्यात चिकटवलाय.

शनिवारी सकाळी मी कचरा टाकायला गेले. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्याला हळदकुंकू वाहिलेलं, पुढं फोडलेला नारळ, उदबत्ती. मी झाकण उचलणार, तेवढ्यात मागून तळमजल्यावरच्या द्रौपदीबाई ओरडल्या,

"अहो काकू, चपला बाहेर!"