भिंतीवरची जाऊ

कानाच्या दुखण्याने विनिताचा तोल गेला आणि ती दिराच्या हळदीत भर मांडवात भेलकांडली. मोठी जाऊ प्रमिला सगळ्यांदेखत हसली, "सकाळीच चढवलीस काय गं?" आणि तिची तान्ही लेक रिद्धी तिच्याकडून काढून घेतली. तेव्हापासून लेक जावेच्याच कडेवर.

तोल सावरायचे व्यायाम शिकवणाऱ्या अंबरनाथच्या थेरपिस्टबाई म्हणाल्या, "भिंतीवर एक खूण चिकटवा. मान हलवायची, नजर नाही." विनिताने जावेचा फोटो चिकटवला. भोवळ येईपर्यंत त्याच्याकडे रोखून बघत ती रोज तीनदा मान हलवायची.

दीड महिन्याने कुळगावच्या घराच्या अंगणातून ती सरळ चालत गेली आणि तिने रिद्धीला उचललं. लेकीच्या जावळाला जावेच्या तेलाचा वास होता.

"अगं, पाडशील तिला!"

"ताई, यापुढे हिला घ्यायचं तर आधी मला विचारायचं. आणि मी नाहीच म्हणणार."