दोनदा वाकवलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. भरीव बांबूची, कमरेएवढ्या उंचीची. माझी मूठ दोन वेळा वाकवली गेली. ते कसं घडलं, ते सांगते.

चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळच्या एका गावात खुशाल आणि वारलू हे दोन सोबती राहत. धान निघालं की दोघे जंगलात बांबूकटाईला जात. १९८३ च्या जानेवारीत ट्रक भरताना वारलू वर बंडलांचा दोर धरून होता, खुशाल खाली. खालून आवाज आल्याशिवाय वरचा दोर सोडायचा नाही, असा नियम होता. त्या दिवशी दोर आधीच सुटला. बांबूचं बंडल घसरून खुशालच्या उजव्या गुडघ्यावर पडलं.

"त्यानं आवाज देल्ला, म्हनून सोडला," असं वारलूने सगळ्यांना सांगितलं.

खुशाल तीन महिने चंद्रपूरच्या दवाखान्यात होता. घरी आला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही.

वारलू सुपं-टोपल्या विणणारा माणूस. त्याने खुशालसाठी डोंगरावरच्या खडकाळ जागेतून मला आणलं, कारण तिथला बांबू आतून भरीव असतो. पंधरा दिवस सावलीत वाळवलं. माझ्याआधी त्याने दुसरा एक बांबू घेतला होता. घाई केली आणि तो तडकला. माझ्या वेळी त्याने घाई केली नाही. माझं बुडाचं टोक निखाऱ्यांवर धरून तो हळूहळू फिरवत राहिला. सालीवर घामासारखा रस सुटला, तेव्हा त्याने मला जमिनीत ठोकलेल्या दोन खुंट्यांमध्ये अडकवलं आणि बोटभर, बोटभर करत वाकवलं. मग वाकलेला भाग, म्हणजे माझी मूठ, सुतळीने आवळला, ओलं फडकं गुंडाळलं आणि मला दोन दिवस तसंच ठेवलं.

"एवढ्या वेळात तीन सुपं झाली असती," त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली.

"सुपं उद्याबी होतीन," वारलू म्हणाला.

तो मला घेऊन खुशालच्या दारात गेला. खुशाल खाटेवर बसला होता.

"पाय तूच मोडला अन काठीबी तूच आनली? ने वापस!"

वारलू मला भिंतीला टेकवून निघून गेला.

खुशालने मला हात लावला नाही. बायकोच्या, रुखमाच्या खांद्याचा आधार घेऊन तो चालायचा. पावसाळ्यात वालाच्या वेलाचा मांडव कलला, तेव्हा रुखमाने मला त्याला टेकू म्हणून लावलं. तीन महिने मी पाण्यात भिजत उभी होते. भिजलेला बांबू हळूहळू आपला मूळचा सरळपणा धरतो. माझी मूठ उघडत गेली. मला वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला?

भादव्यात रुखमाला हिवताप आला. दुपारभर ती थरथरत होती. नर्सबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत, आणि आता खुशालला धरायला खांदा नव्हता. त्याने मांडवातून मला उपसलं आणि निघाला. माझी मूठ त्याच्या तळहातात थांबेना. तो चिखलात दोनदा पडला, दोनदा उठला. पण पोचला. नर्सबाई गोळ्या घेऊन आल्या. आठवड्याने रुखमा उठून चुलीपाशी बसली.

"ते काठी चांगली होती, मीच भिजवली," ती म्हणाली. "वारलूभाऊकडे घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी खुशाल मला टेकत वारलूच्या अंगणात उभा राहिला. वारलू टोपली विणायचा थांबला.

"मूठ उघडली," खुशाल म्हणाला. "वाकवून देतं का?"

वारलूने निखारे केले. पण जुनं वळण पुन्हा वाकवताना बांबू तडकायची भीती जास्त. कुणीतरी दुसरं टोक घट्ट धरावं लागतं. खुशाल जमिनीवर पाय लांब करून बसला आणि त्याने ते धरलं.

मी तापत होते. वारलूची नजर निखाऱ्यांवर होती.

"खुशाल, तू त्या दिवशी आवाज नोता देल्ला."

"मले माहीत हाये."

"मी बिडी पेटवून राह्यलो होतो. दोर हातातून गेला. मंग समद्यायले खोटं सांगलं."

मी अर्धी वाकलेली होते. त्या क्षणी त्याने टोक सोडलं असतं, तर माझे दोन तुकडे झाले असते.

त्याने टोक सोडलं नाही.

मग तो म्हणाला, "उद्या चावडीवर समद्यायसमोर सांगजो. आता इकडं ध्यान दे गा, जळून राह्यली ते."

वारलूने दुसऱ्या दिवशी चावडीवर खरं सांगितलं. काहीजण त्याला बोलले. खुशाल माझ्यावर भार देऊन तिथेच उभा होता. घरी परतताना दोघे एकाच वाटेने गेले. वारलूला पावलं आखूड टाकावी लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी काठी असेल, तर तिला पावसात उभी करू नका. वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा. आणि मूठ उघडलीच, तर चुलीत घालू नका. ती पुन्हा वाकते. फक्त निखारे मंद हवेत, आणि दुसरं टोक धरून बसणारा माणूस हवा.