पट्टीशिवाय काढलेला फोटो

व्हिडिओ नऊ मिनिटांचा होता. चौथ्या मिनिटाला पडद्यावर एक दार येत होतं: दोन्ही बाजूंना जाडजूड खांब, खांबांच्या माथ्यावर पाकळ्या, आत काळोख. "बायबलमधल्या शलमोन राजाचं मंदिर सापडलंय," निवेदक सांगत होता, "आणि विद्वानांनी ते एकोणीस वर्षं तुमच्यापासून लपवलंय." अकरा लाख लोकांनी ते पाहिलं होतं.

खापरताईने व्हिडिओ तिथेच थांबवला. तो फोटो तिने स्वतः काढला होता.

संग्रहालयात सगळे तिला खापरताई म्हणत, कारण फुटक्या मडक्याचा काठ बोटांनी चाचपून ती त्याचं वय सांगे. व्हिडिओतलं मंदिर मडक्याच्याच मातीचं होतं. उत्खननात एका साध्या घराच्या कोपऱ्यात, चुलीपासून चार पावलांवर सापडलेलं. कोणीतरी घरात पूजेला ठेवलेली छोटी प्रतिकृती, तीही शलमोनानंतर दीडेकशे वर्षांनी केलेली. उंची बावीस सेंटिमीटर. सध्या तळघरातल्या चौदा नंबरच्या कपाटात, कापसावर. अकरा लाख लोक ज्या दारापुढे भारावले होते, त्यातून मांजरालाही वाकून जावं लागलं असतं.

उत्खननात फोटो काढताना वस्तूशेजारी काळी-पांढरी मोजपट्टी ठेवतात. हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. त्या दिवशी खापरताईने पट्टी ठेवून एक फोटो काढला होता. मग तिचे सर म्हणाले, "आता पट्टी काढ आणि एक घे. संग्रहालयाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पट्टी बरी दिसत नाही." तिने काढली. कॅमेरा खाली टेकवून, दाराच्या उंबऱ्याच्या पातळीवरून घेतला. फोटो देखणा आला. माप पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं गेलं.

ती फोन घेऊन संचालकांच्या खोलीत गेली. संचालकांनी दोन मिनिटं पाहिलं आणि फोन परत दिला.

"आपण उत्तर देत नाही," ते म्हणाले. "चिखलात दगड टाकला की शिंतोडे आपल्याच अंगावर येतात."

"दगड आपणच टाकलाय. एकोणीस वर्षांपूर्वी."

"हे बघा, आपण संशोधन नियतकालिकात लिहितो. ज्यांना खरं हवंय ते वाचतील."

"गेल्या अंकाच्या किती प्रती गेल्या?"

संचालकांनी चष्मा पुसायला घेतला. आकडा दोघांनाही माहीत होता. दोनशे दहा, त्यातल्या चाळीस लेखकांनाच.

"मला ती वस्तू एक दिवस बाहेर न्यायचीय."

"तीन सह्या लागतात. एक माझी आहे, आणि ती मिळणार नाही."

तिने दार आपटलं नाही. ते आपटण्यासारखं नव्हतंच, त्याला वरती स्प्रिंग बसवलेली होती आणि ते आपसूक, अगदी सावकाश मिटायचं. त्यामुळे तिचा राग जास्तच वाढला.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. वय एक्क्याऐंशी. एक्कावन्न वर्षं ते चर्चमध्ये दर रविवारी बायबलचं वाचन करत होते. लोक त्यांना वाचककाका म्हणत. वाचताना एखादा शब्द चुकला तर ते थांबायचे, "चुकलं, पुन्हा वाचतो," म्हणायचे आणि ओळ पहिल्यापासून घ्यायचे. लहानपणी खापरताईला त्याची लाज वाटे. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"अगं, तुझा फोटो गाजतोय म्हणे," ते म्हणाले. "शेजारच्यांनी दाखवला. मी रविवारी वाचनानंतर सगळ्यांना सांगून टाकलं, हा माझ्या मुलीने काढलाय, माझ्या घरी भिंतीवर आहे. म्हटलं, शलमोनाचं मंदिर तिने डोळ्यांनी पाहिलंय."

"बाबा, तुम्ही असं सांगितलंत?"

"मग काय खोटं आहे का? आणि तो व्हिडिओवाला येत्या रविवारी आपल्या चर्चच्या सभागृहात बोलायला येतोय. त्याची ओळख मी करून देणारे."

तिने फोन ठेवला. त्या माणसाला चार शब्द सुनवणं सोपं होतं. वडिलांच्या शब्दावर एक्कावन्न वर्षं कुणी शंका घेतली नव्हती, आणि त्या शब्दाला आता तिच्यामुळेच तडा जाणार होता.

दुसऱ्या दिवशी ती घरी गेली. फोटो जेवणाच्या टेबलासमोर होता, काचेच्या चौकटीत. तिनेच भेट दिला होता.

"बाबा, ते मंदिर नाही. मातीची प्रतिकृती आहे. एवढीशी." तिने हातांनी दाखवलं.

वडील तिच्या हातांकडे बघत राहिले. "मग एवढी वर्षं लपवली कुणी?"

"कुणीच नाही. कपाटात आहे."

"कुलूप आहे?"

"आहे."

"म्हणजे लपवलीच की."

ती हसली असती, पण वडील हसत नव्हते. ते उठले, फोटोजवळ गेले, काचेला नाक लागेल इतके जवळ. "रोज जेवताना मी या दाराकडे बघतो," ते म्हणाले. "तुझी आई गेली त्या वर्षी तर ताट बाजूला सारून बघायचो. आणि तू आत्ता सांगतेस, एवढीशी?"

"फोटो चांगला दिसावा म्हणून शेजारची मोजपट्टी काढली होती मी. आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तू विद्वान, मी विचारायचं?" त्यांचा आवाज चढला. "हे बघ, मी चारशे लोकांसमोर बोललोय. माझ्या कानात सांगून भागणार नाही. खरं असेल तर रविवारी तिथे ये आणि सगळ्यांसमोर दाखव. नसेल तर येऊ नकोस."

वस्तू मिळणार नव्हती. पण त्या वस्तूचं आरेखन होतं, मूळ आकाराचं, सगळ्या बाजूंनी. ते काढणारा आरेखक अजून नोकरीत होता, निवृत्तीला आठ महिने राहिलेला, सदा कुरकुरणारा. तिने त्याच्याकडे मातीची हुबेहूब नक्कल मागितली.

"तीन दिवसांत माती वाळत तरी नाही," तो म्हणाला. "भाजायचं तर लांबच."

"कच्चीच चालेल."

"एकोणीस वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, पट्टी काढू नका. आठवतंय?"

"आठवतंय. म्हणून तर तुमच्याकडे आले."

तो पुटपुटत कामाला लागला. शनिवारी दुपारी त्याने बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवून ते तिच्या हातात दिलं. एक खांब किंचित कलता होता. "मूळच्याचाही आहे," तो म्हणाला. "माझ्यावर बिल फाडू नका."

रविवारी सभागृह भरलं होतं. व्हिडिओवाला पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा, बोलायला गोड. वडिलांनी ठरल्याप्रमाणे त्याची ओळख करून दिली, दोन वाक्यांत, आणि पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर दार आलं, भिंतीएवढं. मागून कुणीतरी सुस्कारा सोडला.

प्रश्न विचारा म्हटल्यावर खापरताई उठली, पुढे गेली आणि खोका टेबलावर उघडला.

"हा फोटो मी काढलाय. ही वस्तू एवढी आहे."

मग व्हिडिओवाला हसला, अगदी आपुलकीने. "ताई, ही तर कालच केलेली दिसतेय. माती ओली आहे अजून. मूळ का नाही आणलंत?"

"परवानगी मिळाली नाही."

"बघा," तो सभागृहाकडे वळला. "मी दुसरं काय सांगतोय?"

टाळ्या पडल्या. खापरताईने पिशवीतून दुसरा फोटो काढला, पट्टी ठेवून काढलेला. तेच दार, शेजारी काळी-पांढरी पट्टी, वीस सेंटिमीटरची, जवळजवळ छतापर्यंत पोचलेली.

"पट्टी नंतर चिकटवता येते हो, ताई. आमच्याकडे शाळेतली मुलंसुद्धा करतात."

लोक हसले. ज्या लोकांनी तिला लहानपणी कडेवर घेतलं होतं, तेही हसले. तीस वर्षांच्या अभ्यासातलं एक वाक्य तिला त्या क्षणी सुचेना. दोनशे दहा प्रतींत लिहायची सवय असलेल्या माणसाला चारशे तोंडांपुढे शब्द मिळत नाहीत, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि संचालकांचा, सरांचा, स्वतःचा संताप आला.

वडील उठले. काठी टेकत टेबलापाशी आले, मातीचं देऊळ दोन्ही हातांनी उचललं, पुन्हा ठेवलं. मग पडद्याकडे काठी केली.

"हे दार किती उंच आहे?"

"काका, भव्य आहे," व्हिडिओवाला म्हणाला.

"भव्य म्हणजे किती हात?"

"ते... नेमकं अजून—"

"शलमोनाच्या मंदिराची मापं बायबलमध्ये दिलीत," वडील म्हणाले. "लांबी साठ हात, रुंदी वीस, उंची तीस. खांबांची वेगळी. पुढच्या द्वारमंडपाचीसुद्धा वेगळी. एक्कावन्न वर्षं मी ती मापं इथे वाचतोय आणि तुम्ही सगळे तेव्हा जांभया देता. मी बघतो वरून." कुणीतरी खुदकन हसलं. वडिलांनी तिकडे पाहिलं आणि ते हसू बंद झालं. "ज्याने देवाच्या घराबद्दल लिहिलं, त्यालाही माप द्यावंसं वाटलं. तुम्ही अकरा लाख लोकांना घर दाखवलंत आणि एक बोटभर माप दिलं नाहीत. का?"

व्हिडिओवाल्याने पाण्याचा ग्लास उचलला.

"माहीत नाही म्हणून, की माहीत आहे म्हणून?"

वडील मुलीकडे वळले. तिला वाटलं, आता ते तिच्या बाजूने बोलतील.

"आणि तूही दिलं नव्हतंस," ते म्हणाले, तेवढ्याच मोठ्याने. "पट्टी होती तुझ्या हातात. काढलीस. का, तर चांगलं दिसावं म्हणून. मग या माणसाने वेगळं काय केलं?"

"काही नाही," खापरताई म्हणाली. "सुरुवात मीच केली."

वडिलांनी मान हलवली. मग लोकांकडे तोंड करून, वाचनाच्या आवाजात, "गेल्या रविवारी मी इथे उभा राहून म्हटलं की माझ्या मुलीने शलमोनाचं मंदिर पाहिलंय. चुकलं. पुन्हा सांगतो. तिने मातीचं एक खेळण्याएवढं देऊळ पाहिलं. कुणाच्या तरी घरातलं."

काही लोक उठून गेले. दोन बायका व्हिडिओवाल्याची समजूत काढायला गेल्या. पण तीस-चाळीस जण टेबलाभोवती जमले आणि एका म्हाताऱ्याने विचारलं, आत काय ठेवत होते? खापरताईने सांगायला सुरुवात केली. माहीत नाही, ती म्हणाली, पण अंदाज आहे. पाऊण तास ती बोलत होती.

घरी पोचल्यावर वडिलांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. "लिही," ते म्हणाले. खापरांवर क्रमांक घालायचं पेन तिच्या पर्समध्ये कायम असे. तिने काचेच्या कोपऱ्यात लिहिलं: उंची २२ सें.मी.

"हे मला दिसत नाही."

तिने ते पुसलं आणि काचेच्या अर्ध्या रुंदीभर लिहिलं.

बुधवारी दोन गोष्टी झाल्या. संचालकांचं पत्र आलं: संस्थेच्या परवानगीशिवाय जाहीर वक्तव्य केल्याबद्दल खुलासा करावा. आणि नवा व्हिडिओ आला. त्यात वडील होते, चार सेकंद, "चुकलं" म्हणताना. खाली लिहिलं होतं: एका वृद्ध भक्ताला विद्वानांनी कसं गप्प केलं. दुपारपर्यंत तीन लाख.

ती घरी गेली आणि यावेळी लगेच सांगितलं, सगळं, आकड्यासकट. फोन त्यांच्या हातात दिला. वडिलांनी स्वतःला चार सेकंद बोलताना पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"माझं वाक्य कापलंय," ते म्हणाले. "वाचकाचं वाक्य मधेच कापलंय."

"हो, बाबा."

"पुढच्या रविवारी हा कुठे बोलणारे?"

"नदीपलीकडच्या चर्चमध्ये. दहा वाजता."

"मग नऊला मला घ्यायला ये." त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "आणि त्या आरेखकाला सांग, तोवर भाजून दे म्हणावं. ओलं नको."