भावांनी बाहेर थांबावं

"ताई, फक्त दोन सह्या. उद्या सकाळी रजिस्ट्रारकडे अंगठा आणि फोटो, की संपलं." इंद्रजीतने हक्कसोडपत्र जेवणाच्या टेबलावर पसरलं. बाबांचं तेरावं कालच झालं होतं; आई आधीच गेली होती. भाड्याच्या खुर्च्या अजून भिंतीशी रचलेल्या होत्या.

चारुताने वाचलं. नवीन पनवेलच्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधला आपला अर्धा हिस्सा ती धाकट्या भावाला 'प्रेमापोटी, विनामोबदला' देत होती.

"प्रेमापोटी कुणी लिहिलं?"

"वकिलाने. सगळ्यांच्यात तेच असतं. बहिणी सोडतातच गं. आणि तुझं कामोठ्याला घर आहे की."

"हे विकणार?"

"मग? पुण्याहून येऊन झाडू मारू?"

"आणि रविवारी येणारी माणसं?"

"ती बाबांकडे येत होती. तू काय जज्ज आहेस?"

ती जज्ज नव्हती, कॉलेजात ग्रंथपाल होती. निवृत्तीनंतर बाबा दर रविवारी याच खोलीत बसत. जवळच्या विचुंबे गावाकडून माणसं जमिनीची भांडणं घेऊन येत; फी नाही, वर घरचा चहा. दिवाणी न्यायाधीश म्हणून बाबांचं, उदयसिंहांचं, नाव झालं ते एका हट्टामुळे. वाटणीच्या दाव्यात भाऊबहीण तडजोड घेऊन आले, की ते बहिणीला एकटीला चेंबरमध्ये बोलावत. भावांनी बाहेर थांबावं. मग विचारत, "बाई, मनाने सोडताय का?" वकील वैतागत. साहेब कोर्टाचा वेळ घालवतात, अशी वरपर्यंत तक्रार गेली. बाबांनी खुलाशात लिहिलं, वेळ कोर्टाचा आहे, जमीन बाईची आहे. बढती लांबली. प्रश्न थांबला नाही.

इच्छापत्र त्यांनी केलं नव्हतं. कायद्याने मुलगा-मुलगी सारखे धरलेत, मी वर आणखी काय लिहू, म्हणत.

"बाबा असते तर तुला बाहेर उभं केलं असतं," चारुता म्हणाली.

"बाबांना मध्ये आणू नकोस. त्यांनी स्वतः काय केलं? विचार आत्याला. गावची जमीन आत्याने सोडली, ती विकून आलेल्या पैशावर हा फ्लॅट झाला. आत्या कधी भांडली?"

चारुताला हे कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीशी मेथी निवडत बसलेल्या सुनीताआत्याचे हात थांबले.

"खरंय," आत्या म्हणाली. "उदयदादा नुकताच जज्ज झालेला. तलाठ्यासमोर सगळे उभे, अण्णा, मामा, दादा. कर गं सही, म्हणाले. केली. इथली किल्ली मिळाली त्या दिवशी दादा मला म्हणतो, सुने, तुला विचारायचं राहिलं. मी म्हटलं, जमीन विकून झाल्यावर विचारतोस होय रे?" ती हसली. "तेव्हापासून लागला जगातल्या बायांना विचारायला."

"आणि तुला?"

"माझं राहिलंच."

चारुताने कागद मिटला. "इंद्रा, बाहेर जाऊन थांब."

"काय?"

"आवारात. हाक मारेन."

"वेड लागलंय तुला," म्हणत तो गेला. तिने दार लावलं आणि आत्यासमोर बसली.

"आत्या, मनाने सोडलं होतंस?"

आत्याने मेथीची काडी मोडली. मग म्हणाली, "नाही."

चारुताने दार उघडलं. "मी सही करणार नाही. घर विकायचं नाही. रविवारी खोली उघडी राहील; बाबांना मदत करणारे दोघे वकील कालच म्हणाले, आम्ही बसू."

"लोक हसतील, ताई. जज्जाची मुलगी भावाशी भांडली म्हणतील."

"म्हणू देत."

"मग भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस."

"बघणार. इथेच बघणार. दोघांचं घर आहे, कधीही ये."

गाडीचं दार जोरात आपटलं. चारुताने दाराजवळची आत्याची पिशवी उचलली. माहेरी आली, की आत्या पिशवी अशीच भरलेली, दाराशी ठेवायची. कुणाला अडचण नको.

"अगं, संध्याकाळच्या गाडीने निघायचंय मला."

"निघ की."

तिने बाबांचं कपाट उघडलं. इस्त्रीचे पांढरे शर्ट तसेच होते. क्षणभर तिने त्यांवर हात ठेवला, मग ते एका बाजूला सरकवले आणि पिशवीतली पातळं त्या जागेत ठेवू लागली.

आत्या दारात येऊन बघत उभी राहिली.

"थांब, घड्या मोडशील," म्हणाली, आणि पुढे येऊन स्वतःच्या हाताने पातळं लावू लागली.