समोरासमोरच्या खुर्च्या

जोतीराम साळोखेला हळू बोलता येत नव्हतं. त्यात त्याचा काही दोष नव्हता. सारी उमर मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याची बोली पुकारण्यात गेलेली. असा माणूस घरात मीठ मागायला लागला, तरी शिवाजी पेठेतल्या त्याच्या गल्लीत चार घरांपलीकडं कळायचं की आज साळोख्यांची आमटी आळणी झाली. शालूबाईनं संसारभर त्याला "हळू की जरा" एवढंच सांगितलं आणि त्यानं ते एकदाही ऐकलं नाही. पुढं दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायची पाळी आली, तरी तो दवाखान्याचा जिना चढतोय हे वरच्या लोकांना आधी ऐकू यायचं.

म्हणून ज्या दिवशी तो दवाखान्यातनं गप्प परत आला आणि भाकरी मोडत हळूच म्हणाला, "आता मी तितं जाणार न्हाय," त्या दिवशी शालूबाई हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन बसली.

"का वो? सुई दुखतीया?"

"सुईचं काय न्हाय. ती नवी खुर्ची नगं मला. मयताच्या घरात बसवल्यागत वाटतंय."

ही खुर्ची काही ऐरीगैरी नव्हती. धर्मादाय दवाखान्यातल्या गंजक्या खाटा काढून त्या जागी महिन्यापूर्वीच नव्या खुर्च्या आल्या होत्या. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं त्या बनवल्या होत्या आणि त्यांचं सगळं डिझाइन रुबीना मुल्लाणीचं होतं. पोरगी इथलीच, पण बाहेर मोठ्या संस्थेत शिकून आलेली. वस्तू नुसती टिकाऊ असून भागत नाही, वापरणाऱ्याच्या मनाला ती काय करते ते आधी बघायचं, असं तिचं शिक्षण. तिनं जीव ओतला होता. ढगाच्या रंगाची मऊ गादी, डोक्याशी मंद उजेड, कानाला बासरी आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये पडदा, म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला दिसायला नको. उद्‌घाटनाला आलेल्यांनी तोंडभर कौतुक केलं. खुद्द शालूबाईनं गादीवरनं हात फिरवून "इमानात बसल्यागत हाय" म्हटलं होतं.

आणि त्याच विमानाला जोतीराम पाय लावेना. एक पाळी चुकवली तर पाय सुजले आणि दम लागायला लागला. डॉक्टरांनी शालूबाईला बाजूला घेऊन आडपडदा न ठेवता सांगितलं, "मावशी, यांनी असंच चालवलं तर हाताला लागायचे नाहीत." शालूबाईनं गयावया केली, शिव्या घातल्या, स्वतः जेवायची नाही म्हणून बसली. तो एकदा गेला आणि पुन्हा अडला.

तेव्हा ती तडक दवाखान्यात गेली. रुबीना तिथंच होती, एका खुर्चीचा पाया तपासत खाली बसलेली.

"तूच नव्हं ही खुर्ची करणारी?" शालूबाई दारातनंच कडाडली. "माझा नवरा मराय लागलाय तुझ्या खुर्चीपायी! मी सांगतो तुला, त्या खाटंवर ढेकणं हुती, पण त्यो हसत जायचा."

अशा वेळी शिकलेली माणसं समजावून सांगायला बसतात. खुर्ची कशी चांगली आहे, अभ्यास काय सांगतो, सवय व्हायला वेळ कसा लागतो. रुबीनानं यातलं एक अक्षर काढलं नाही. तिनं मावशीचं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, "मावशी, आज एक खुर्ची मोकळी हाय. काका बसतात तेवढा वेळ मी बसून बगतो. तवर जाऊ नका."

पडदा ओढला गेला. आपणच केलेल्या वस्तूत बसून तिचा त्रास सोसायला निघालेली पोरगी बघून शालूबाईचा निम्मा राग तिथंच उतरला. ती बाहेर बाकड्यावर बसून राहिली. दुपार कलल्यावर रुबीना बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी, एवढी शांतता आपल्यात कवा असती वो?"

"कोण तरी गेल्यावर," शालूबाई म्हणाली.

"आमच्यात बी तवाच. टीव्ही बंद, शेजारीपाजारी दबक्या आवाजात बोलतात. मी हितंच वाढलो आणि हेच इसरलो. बाकीच्या जगाला शांत वाटंल ते आपल्या माणसाला भ्या घालतंय. आणि मला उठून बसावं वाटलं, तर पाठ उभी करायची कळ नर्सच्या बाजूला. हाक मारायची बी लाज वाटली बगा. मीच बसवलीया ती तितं."

मग ती पोर इरेला पेटली. कारखान्याच्या मालकांनी कपाळाला हात लावला. एवढं कौतुक झालेल्या खुर्च्या मोडायच्या? ती मागं हटली नाही. रोज संध्याकाळी ती पेठेतल्या कट्ट्यांवर जाऊन उभी राहायची. माणसं बसतात कशी, बोलताना कुठं वळतात, हसताना हात कुठं टेकतात, हे डोळ्यांत तेल घालून बघायची. रंगाचं तर रामायणच झालं. निळा घ्यावा तर एका तालमीच्या फुटबॉल संघाचा, पिवळा घ्यावा तर दुसऱ्या तालमीचा. रुग्ण खुर्चीत बसण्याआधी भांडायला उठायचे. अखेर तिनं गुळाचा तांबूस तपकिरी रंग धरला, त्यावर कुणाचा हक्क निघाला नाही.

खुर्च्या परत आल्या तेव्हा पडदे गेले होते. चार-चार खुर्च्यांचा गोल केला होता, समोरासमोर. मशीन खांद्याच्या मागं, म्हणजे आपलंच रक्त नळीतनं फिरताना सारखं बघायला नको. पाठ अशी उभी राहायची की माणूस आजारी न दिसता गप्पांना बसल्यासारखा दिसावा, आणि ती वरखाली करायची कळ रुग्णाच्याच मोकळ्या हाताखाली. आडवं व्हायचं की ताठ बसायचं हे आता त्याचं तो ठरवणार होता.

शालूबाईनं नवऱ्याला "एकदाच बगा, न्हाय पटलं तर माघारी येऊ" म्हणून नेलं. समोरच्या खुर्चीत कुरुंदवाडचे गुंडूअण्णा होते. नदीकाठचे शेतकरी, ऊस आणि वांगी लावणारे. शेजारी चिमणाबाई नावाची अबोल म्हातारी आणि एक निवृत्त मास्तर. इतके दिवस ही माणसं पडद्याच्या अल्याड-पल्याड झोपत होती आणि एकमेकांची तोंडंही त्यांना ठाऊक नव्हती.

"पावणं कुठलं?" जोतीरामनं विचारलं.

"कुरुंदवाड. तुमी?"

"पेठेतला. गुळाच्या सौद्यात हुतो."

"म्हंजे पिवळाधमक गूळ बगून भाव चढवणारं तुमीच!" अण्णा ताठ बसले. "अवो, त्यो पिवळा रंग पावडरीचा असतोय. खरा गूळ काळपटच."

झालं. जोतीरामनं कळ दाबली, पाठ उभी केली आणि त्याचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. नर्स धावत आली. दारात उभ्या असलेल्या शालूबाईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला "हळू की" म्हटलं नाही.

ते भांडण पुढं महिनोन्‌महिने पुरलं. जोतीराम घरातनं वेळेआधी निघायचा, कारण अण्णा आधी येऊन मास्तरांना आपल्या बाजूला वळवतात अशी त्याची तक्रार होती. अण्णा वांगी आणायचे, जोतीराम गुळाचे खडे दाखवायला न्यायचा. दोघांनाही पथ्य, त्यामुळं वांगी शालूबाईच्या घरी शिजायची आणि गूळ अण्णांच्या नातवंडांना जायचा. अबोल चिमणाबाई कोण जिंकलं ते सांगायला लागली. आजार होता तिथंच होता, सुया होत्या तशाच होत्या. खुर्च्यांची तोंडं तेवढी फिरवली होती. पण कुणाला कुणाचं तोंड दिसलं म्हणजे जगावंसं वाटतं, हे ओळखायला जी नजर लागते ती रुबीनाला होती, आणि शालूबाई ते भेटेल त्याला सांगत सुटायची.

मग एका गुरुवारी समोरची खुर्ची मोकळी राहिली. घरीच झटका येऊन अण्णा गेले होते. चौघांतल्या तिघांनी तो सगळा वेळ त्या मोकळ्या गादीकडं बघत काढला, कारण दुसरीकडं बघायला जागाच नव्हती. जोतीराम घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. जेवला नाही, बोलला नाही. शालूबाईला पुन्हा तेच दिवस समोर दिसायला लागले आणि शनिवारची पाळी उजाडेपर्यंत तिच्या जिवाला थारा नव्हता.

शनिवारी सकाळी रुबीना दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजले होते.

"मावशी, चुकलंच माझं. पडदा असता तर कोण आलं, कोण गेलं, कुणाला कळलं बी नसतं. मी मालकांशी बोललोय. पडदे परत लावू या. काका येतील ना मग?"

आतल्या खोलीकडं बघायची शालूबाईची छाती होईना.

जोतीराम बाहेर आला. अंगात धुतलेला सदरा होता. चार पावलांत दम लागला म्हणून त्यानं चौकट धरली.

"पोरी, पडद्याचं नाव काढू नगंस," तो म्हणाला. आवाज बसला होता, पण बोलणं स्पष्ट होतं. "अण्णा गेला ते मला दिसलं, ते बरं झालं. माणूस गेल्यावर दिसाय नगं व्हय कुणाला?"

"पण काका, तुमाला तरास..."

"हुतोय की. लई हुतोय." त्यानं चपला पायात सरकवल्या. "पर मास्तर आणि चिमणाबाई आता येऊन बसली असतील. एक खुर्ची मोकळी बगून त्यांचं काय झालंय ते मी बगितलंय. आज मी घरात बसलो, तर त्यांला दोन मोकळ्या दिसतील."

शालूबाईनं पिशवी उचलली, आणि तिघं दवाखान्याकडं निघाले.