दोन तासांचा उसना श्वास

मित्रांनो, मी एक जुनी श्वासाची पिशवी आहे. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्याच्या छातीत हवा भरण्यासाठी मला हाताने दाबतात. नवी असताना माझा थाट होता. शिकाऊ परिचारिका मला कौतुकाने हाताळत. पुढे श्वास देणारी यंत्रं आली आणि मी कपाटाच्या खालच्या खणात गेले. वर्षभर कुणी मला दाबूनसुद्धा पाहिलं नाही.

मग फ्लूची मोठी साथ आली. एका दुपारी बेकरीत भट्टी सांभाळणाऱ्या बाईंना त्यांच्या नवऱ्याने आमच्या रुग्णालयात अक्षरशः उचलून आणलं. पाच दिवस त्यांनी ताप अंगावर काढला होता. ओठ निळे पडले होते. एक शब्द बोलायचा तर दोनदा धाप लागत होती. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं संसर्गाने पांढरी दिसली. डॉक्टरबाईंनी त्यांना गुंगीचं औषध देऊन घशातून श्वासनळीत नळी घातली. पण आमच्याकडची श्वास देणारी तिन्ही यंत्रं दुसऱ्या रुग्णांना लावलेली होती. चौथं दुसऱ्या रुग्णालयातून निघालं होतं.

"तोवर हाताने," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सिस्टरने मला खालच्या खणातून काढलं आणि नळीला जोडून दाबलं. छाती हलली नाही. पुन्हा दाबलं. तरी नाही. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा सत्तरवरून साठावर आला.

"नळी चुकली का?"

"नळी बरोबर आहे."

दोष माझ्यात होता. पण मला सांगता कुठे येत होतं?

फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. "सिस्टर, हवा मागून निसटतेय. आवाज ऐका."

सिस्टरने माझी मागची टोपी उघडली. आतली पातळ झडप दुमडून चिकटली होती. तिने ती बोटाने सरळ केली, टोपी घट्ट बसवली आणि दाबलं. छाती वर आली. आकडा हळूहळू चढू लागला.

दारात उभा असलेला नवरा पुटपुटला, "मीच म्हणालो, साधा ताप आहे, उतरेल."

"दादा, ते नंतर," सिस्टर म्हणाली. "माझी लय चुकायला नको. एक ते पाच मोजा. पाचाला मी दाबते."

तो मोजू लागला. सिस्टरचे हात भरून आले की डॉक्टरबाई दाबत. मोजणारा मात्र बदलला नाही. दोन तासांनी यंत्र आलं, तेव्हा त्याचा घसा पार बसला होता.

पुढचे अकरा दिवस बाई जगतील की नाही, कुणीच सांगू शकत नव्हतं. बाराव्या दिवशी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "भट्टीवर कोण आहे?" नवरा हसायला गेला आणि रडला.

मित्रांनो, ताप हटत नसेल, धाप लागत असेल, तर दुखणं अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी रुग्णालयात काम करणार असेल, तर त्याने माझ्यासारखीला रोज एकदा दाबून पाहावं. आम्ही बिघडलो, तरी आम्हाला हाक मारता येत नाही.